डायकास्ट गाड्या जमवायल्यास? मग आधी हे वाच

गड्या, डायकास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती. उगं दिसेल ती गाडी उचलू नको, आधी स्केल ठरव, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान ते; १:४३ म्हणजे ४३ पट लहान. आपली अ‍ॅम्बेसेडर खरी सव्वाचार मीटरच्या वर, म्हणजे १:४३ मध्ये ती साधारण १० सेंटीमीटर भरते, १:१८ मध्ये २४, अन् १:६४ मध्ये पावणेसात, खिशात बसते. घरात एकच शोकेस असंल तर १:४३ घे, डिटेलिंगबी दिसतंय अन् जागाबी पुरते.

जुन्या मालाला भुलू नको. मी परभणीत असताना एकाकडून दुसऱ्या महायुद्धाआधीची म्हणून एक डायकास्ट लॉरी घेतली, वरून नवा रंग एकदम झकास, अन् दोन उन्हाळ्यांत चासीला, म्हणजे बुडाच्या सांगाड्याला, भेगा पडून कोपरा हातात आला. झिंक पेस्ट म्हणतेत त्याला, लावायची पेस्ट नव्हे, कीड! जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं की आतून फुगतं अन् तडकतं, त्यावर औषध नाही, म्हणून चासी उलटी करून उजेडात बघ, नवा रंग दिसला की जास्तच संशय घे.

आपल्याकडं उन्हाळा ४२-४३ ला जातो, तर पत्र्याखालच्या खोलीत अन् खिडकीच्या उन्हात ठेवूच नको, रंग उडतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. अजून एक, मऊ टायर प्लास्टिकच्या स्टँडवर वर्षानुवर्षं टेकले की चिकटून डाग पडतेत, गाडी जरा उचलून ठेव. गाडी ज्यात येते तो डबा मात्र फेकू नको बरं का, माझ्या मायनं दिवाळीच्या साफसफाईत सहा डबे रद्दीत घातले, अजून जीव तुटतो.