बडोद्यात साड्यांचं दुकान आहे. नफा दिसतो, पण बँकेत पैसे नाहीत. ताळेबंदात काय पाहू?

नफा-तोटा पत्रक वर्षभराची कमाई सांगतं. ताळेबंद सांगतो ३१ मार्चला दुकानाकडे काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे. समजा, माल ६ लाखांचा, गिऱ्हाइकांकडून येणं ३ लाख, फर्निचर दीड लाख, बँकेत ५० हजार. एकूण ११ लाख. त्यातून कर्ज ४ लाख आणि सुरतच्या व्यापाऱ्यांचं देणं २ लाख वजा केलं की ५ लाख तुमचं भांडवल. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू, एकीकडे दुकानाकडे जे आहे ते आणि दुसरीकडे देणी व भांडवल, जुळतात त्या यामुळेच. नफा या भांडवलात आलेला असतो, पण तो मालात आणि उधारीत अडकलेला. आधी येणी तपासा, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून. दिवाळीची उधारी मार्चपर्यंत आली नसेल, तर ती खरंच येणार का, हे सीएंना स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक तुम्ही ओळखता, ते नाही.