शेंगांच्या टरफलांपाशी अडलेले भाषण

पुण्यातील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातील 34 वर्षांच्या एका वाचक भगिनी लिहितात: ‘बढती मिळाल्यापासून दरमहा आढावा बैठकीत मला उभे राहून बोलावे लागते आणि उठताच घशाला कोरड पडते. पाचवीत असताना 1 ऑगस्टच्या भाषणात मी शेंगांच्या टरफलांपाशी अडले आणि सारी शाळा हसली. तेव्हापासून व्यासपीठ टाळत आले. सहकाऱ्याच्या आग्रहाने टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबच्या बैठकीला पाहुणी म्हणून गेले, तर तिथे एक जण चक्क लोकांचे “अं” मोजत होता! पुन्हा जावे का?’

प्रिय भगिनी,

जरूर जावे, आणि ज्याला पाहून तुम्ही धास्तावलात त्याच्यासाठीच जावे. आपण अडखळतो ही भीती मनातच राहिली की तिला अंत नसतो. कोणी शांतपणे उठून ‘अकरा वेळा “अं”, चार वेळा “म्हणजे”’ असे वाचून दाखवले की पुढच्या खेपेस अकराचे आठ झाले का, एवढेच पाहायचे उरते. शिवाय ही मोजणी क्लबातल्या मुरलेल्या वक्त्यांचीही होते, हे त्या दिवशी घाबरल्यामुळे तुमच्या लक्षात आले नसावे.

राल्फ स्मेडली यांनी 1924 साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या तळघरात हा क्लब सुरू केला. त्याचे सूत्र साधे आहे: सदस्यांनीच बोलायचे आणि सदस्यांनीच एकमेकांचे परीक्षण करायचे. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. पण व्याख्यानमालेत आपण खुर्चीत बसून ऐकतो, आणि नुसते ऐकून पोहता येत नाही.

आता तुमच्या पाचवीविषयी. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरू होणारी ती भाषणे घरातल्या मोठ्यांनी लिहून द्यायची आणि मुलांनी घोकायची, अशीच रीत होती. घोकलेल्या भाषणातले एक वाक्य निसटले की पुढचे सारे मणी ओघळतात. त्या दिवशी तुमचे पाठांतर चुकले. बोलता येते की नाही हे तेव्हा कोणी पाहिलेच नव्हते. म्हणून क्लबात किंवा कचेरीत भाषण शब्दशः लिहून पाठ करू नका. तीन मुद्दे एका चिठ्ठीवर लिहा आणि पहिले वाक्य तेवढे पक्के करा.

सुरुवातीलाच भाषण देण्याची गरज नाही. पाहुण्यांना ‘टेबल टॉपिक्स’साठी, म्हणजे आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलण्यासाठी, विचारतात, नम्रपणे नकार दिला तरी कोणी रागावत नाही. सदस्य झाल्यावर आधी टाइमरचे काम मागून घ्या. वेळेचा इशारा म्हणून हिरवे, पिवळे, लाल कार्ड दाखवायचे आणि शेवटी प्रत्येकाची वेळ उभे राहून वाचायची, एवढेच ते काम असते. श्रोत्यांचे लक्ष आकड्यांकडे असते आणि तुम्हाला मात्र उभे राहून आपला आवाज ऐकण्याची सवय होते. मग कधीतरी ‘अं’ मोजण्याचे कामही घ्या. दुसऱ्यांचे अडखळणे किती सामान्य असते, हे त्या कागदावर दिसेल.

दोन गोष्टी सावधपणे पाहा. काही ठिकाणी टाळ्या आणि कौतुक जरा अतीच होते (मला तरी ते खटकते), तेव्हा परीक्षक नेमकी उणीव दाखवतात का, हे तपासून, दोन-तीन क्लब पाहून मगच वर्गणी भरा. आणि कोरड लगेच जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. काही महिने नियमित जावे लागेल. बैठकीच्या विचाराने रात्रीची झोपच उडत असेल, तर समुपदेशकांचीही भेट घ्या.

पहिले भाषण, ज्याला ते ‘आइसब्रेकर’ म्हणतात, स्वतःविषयी चार ते सहा मिनिटांचे असते. चौथ्या मिनिटाला हिरवे कार्ड दिसते. तुम्ही शेंगांच्या टरफलांपासून सुरू करा. शाळेचे मैदान, हातात चुरगळलेला कागद, पहिल्या रांगेतले हसू, हे सांगता सांगता चार मिनिटे सहज भरतील. आणि मध्येच पुढचे आठवले नाही तरी बिघडणार नाही, कारण गोष्टच मुळी अडण्याची आहे.