पेनिसिलिनची टेस्ट निगेटिव्ह आली, की सिस्टरने निर्धास्त राहायचं का?

तुम्ही जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहात, वॉर्डचं पोस्टिंग सुरू झालंय, आणि विचारताय की पेनिसिलिनची टेस्ट निगेटिव्ह आली तर पुढचं इंजेक्शन बिनधास्त द्यायचं का, शिवाय पुस्तकाबाहेरचं काय लक्षात ठेवायचं.

बिनधास्त नाही. मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे, आमच्याकडे ऑर्डरपुढे ‘एटीडी’ (आफ्टर टेस्ट डोस, म्हणजे टेस्ट करूनच द्या) लिहिलेलं असतं आणि त्वचेत थेंबभर औषध टोचून टेस्ट आम्ही करतोच. पण टेस्ट एवढंच सांगते की लगेच येणारी रिअ‍ॅक्शन आत्ता त्वचेवर दिसली नाही. चार-पाच दिवसांनी उठणारं पुरळ तिला कळत नाही. रुग्ण आधीपासून सेट्रिझिन किंवा एव्हिल ही अ‍ॅलर्जी दाबणारी औषधं घेत असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि क्वचित त्या थेंबभर औषधानेही रुग्ण कोसळतो. म्हणून अ‍ॅड्रेनॅलिनची अँप्युल आणि सिरिंज टेस्टच्या आधी ट्रेमध्ये हवी, स्टोअरच्या कपाटात नव्हे.

माझा जास्त भरवसा विचारपुशीवर आहे. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना खरी अ‍ॅलर्जी नसते. कुणाला जुलाब झालेले असतात, कुणाला मळमळलेलं असतं, कुणाला लहानपणी आईने सांगितलेलं असतं. तेव्हा ‘अ‍ॅलर्जी आहे का?’ एवढं विचारून थांबू नका. कुठलं औषध होतं, किती वेळाने त्रास झाला, अंगावर गांधी उठल्या का, ओठ-डोळे सुजले का, दम लागला का, अ‍ॅडमिट करावं लागलं का, हे विचारा आणि उत्तर आहे तसं केसपेपरवर लिहा. नुसतं लाल पेनने ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ लिहिलं की त्या माणसाला जन्मभर दुसरीच, बहुतेक वेळा महागडी औषधं मिळत राहतात.

उलटही होतं. केसपेपरवर खरी अ‍ॅलर्जी लिहिलेली आणि खाली ऑर्डर पिपटॅझची! पिपटॅझ, ऑगमेंटिन, अँपिक्लॉक्स ही सगळी पेनिसिलिनचीच भावंडं आहेत. ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही, लेबलवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. असं दिसलं तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता बेंझाथिन पेनिसिलिन, वॉर्डातल्या भाषेत पेनिड्युर. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुलं आणि तरुण दर २१ दिवसांनी हे घ्यायला येतात, मोठ्यांना १२ लाख युनिट, साधारण २७ किलोच्या खाली ६ लाख. स्नायूत साठून ते हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून तीन आठवडे पुरतं. पाणी घातल्यावर ताकासारखं दिसतं आणि ओढून ठेवलं तर सुईत बसतं, त्यामुळे रुग्ण झोपवून, जागा पुसून, मगच औषध भरायचं. खोल स्नायूत, सावकाश, दोन-तीन मिनिटं घेऊन. हे शिरेतून कधीही द्यायचं नाही, हृदय बंद पडू शकतं. क्रिस्टलाइन पेनिसिलिन, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारं साधं पेनिसिलिन, मात्र शिरेतून चालतं. म्हणून ऑर्डरमध्ये नुसतं ‘पेनिसिलिन १२ लाख’ असेल तर कुठलं ते विचारल्याशिवाय व्हायल फोडू नका.

हे इंजेक्शन दुखतं. उपाशी, घाबरलेलं पोर उभ्याने टोचून घेतं आणि पडतं, की सगळे ‘रिअ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन’ ओरडतात. नाडीला हात लावा. चक्कर असेल तर नाडी मंद, अंग पांढरंफटक आणि गार, गांधी नाहीत. आडवं करून पाय वर केले की बहुतेक सावरतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या रिअ‍ॅक्शनमध्ये, नाडी सहसा पळते, बीपी पडतं, अंग लाल होतं, सूज येते, छातीत घरघर ऐकू येते. पण ज्यांच्या झडपा फारच खराब आहेत त्यांना साधी चक्करही जिवावर बेतू शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये अशा रुग्णांसाठी इंजेक्शनऐवजी गोळ्यांचा विचार करा असं सुचवलं. माझ्या मते प्रत्येकालाच खाऊन-पिऊन यायला सांगावं, आडवं झोपवून द्यावं आणि नंतर अर्धा तास डोळ्यांसमोर बसवावं.

अ‍ॅनाफिलॅक्सिस वाटला तर आधी अ‍ॅड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आराम नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) नंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा होताना मी खूपदा पाहते आणि दर वेळी चिडते. अ‍ॅड्रेनॅलिनच्या स्टँडिंग ऑर्डरबद्दल, म्हणजे गरज पडताच देता यावं म्हणून आधीच लिहून ठेवलेल्या ऑर्डरबद्दल, आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

वेळेचंही ऐका. पेनिसिलिन मूत्रपिंडातून भराभर बाहेर पडतं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर उपचार करताना त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच देत होते, इतका तुटवडा होता. तरी साठा संपला आणि तो दगावला. क्रिस्टलाइन पेनिसिलिनची रक्तातली पातळी अर्ध्या तासात निम्मी होते. जंतू मरतात ते औषध पुरेशा पातळीला किती वेळ टिकतं त्यावर, म्हणून सहा तासांचा डोस शिफ्टच्या गडबडीत दोन तास पुढे ढकलणं म्हणजे जंतूंना मोकळीक देणं. मूत्रपिंड खराब असेल तर औषध साठतं, झटकेही येऊ शकतात. तिथे क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टर डोस ठरवतात.

बाकी परीक्षेपुरतं: कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) पाठवायचं असेल तर पहिल्या डोसच्या आधी. जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन ही दुसरी अँटिबायोटिक्स पेनिसिलिनच्याच बाटलीत मिसळायची नाहीत, त्यांचा असर जातो. गोळ्यांमध्ये अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन उपाशीपोटी, अमॉक्सिसिलिन कधीही, ऑगमेंटिन जेवायला बसताना.