आस्पेक्ट रजिस्टर : गुण पुण्याचे, टंचाई लातूरची

प्रश्न : वाळूजला आमचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचा, छोटा कारखाना आहे. आस्पेक्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे कामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम नोंदवायच्या वहीत, प्रत्येक परिणामाला तीव्रता गुणिले वारंवारता असा हिशेब आम्ही धरतो. क्रोमची टाकी फुटण्याला ५ × १ म्हणजे ५ गुण. रिकाम्या खोलीत दिवे जळण्याला १ × ५, म्हणजेही ५. दोन्ही 'नगण्य'. बरोबर आहे का?

नाही, टाकीची नोंद आजच बदला. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात गुणाकाराचे कुठलेही सूत्र नाही. निकष आपणच ठरवायचे आणि लिहून ठेवायचे. गुणाकारात क्वचित होणारी मोठी हानी दडून जाते. प्लेटिंगमधले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते जमिनीत मुरले, तर आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोचू शकते. म्हणून एक नियम जोडा : तीव्रता ५ असेल किंवा कायद्याची मर्यादा लागू असेल, तर बेरीज-गुणाकार न बघता तो परिणाम लक्षणीय. रोजचे काम, देखभालीचा दिवस आणि अपघात यांच्या नोंदीही वेगवेगळ्या करा.

प्रश्न : आमचे वसतिगृह लातुरात, मुख्य कार्यालय पुण्यात. त्यांच्या रजिस्टरमध्ये पाणीवापराला कमी गुण आहेत. तेच घ्यायचे का?

मुळीच नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते! वापर तेवढाच असला तरी तो कुठल्या साठ्यावर पडतो, यावर परिणामाचे वजन ठरते. वर्षाची सरासरी काढू नका, मे महिन्याचा आकडा धरा. बोअर असेल तर शेजारचे बोअर कधी आटतात ते विचारा. टँकर असेल तर तो कुठल्या गावच्या विहिरीवर भरतो ते जाऊन बघा. तुमचा परिणाम त्या गावात होतो. ही चौकशी फार थोडे लोक करतात, याची मला खंत वाटते.

प्रश्न : मूल्यमापन किती दिवसांनी करायचे?

नवे रसायन, नवे यंत्र किंवा गावाची तक्रार आली की लगेच. ऑडिटच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यात आमचा साखर कारखाना आहे. शेतातल्या उसाचे पाणी आमच्या रजिस्टरमध्ये कशाला?

कारण जे आपल्या ताब्यात आहे तेवढेच नव्हे, ज्यावर आपला प्रभाव पडतो तेही मानकात येते. उसात साधारण ७० टक्के पाणीच असते, त्यामुळे गाळपाला बाहेरचे पाणी तुलनेने कमी लागते. खरा उपसा शेतात होतो. बेणे कारखाना देतो, उसाची नोंद तो घेतो, तोडणीचा क्रम तोच लावतो. ठिबकवरच्या उसाला नोंदणीत आणि तोडणीत प्राधान्य देणे तुमच्या संचालक मंडळाच्या हातात आहे.