आधी घड्याळ लिही

काल रात्री तुझा त्या सर्व्हरमधल्या घुसखोरीच्या तपासाबद्दलचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. व्हीपीएनच्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेच्या) लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप केलेल्या नोंदीत, लॉगिन 20:47 चं, सर्व्हरच्या लॉगमध्ये 02:17 चं, म्हणजे घुसणारे दोघं होते का, साहेबांना सोमवारपर्यंत नाव पाहिजे, आणि शेवटी काय तर सर कुठला कोर्स करू. अगं कोर्सचं नंतर बघू, त्या दोन वेळांची वजाबाकी केलीस का? बरोब्बर साडेपाच तास. एक डबा, म्हणजे यंत्र, यूटीसीत (जगाच्या प्रमाण वेळेत, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहितोय आणि दुसरा आपल्या वेळेत. चोर बहुतेक एकच आहे. बहुतेक म्हणतोय कारण त्या डब्यांची सेटिंग मी पाहिलेली नाही, आणि तूही पाहिली नाहीस, राग आला तो त्याचाच.

आधी घड्याळ. कशालाही हात लावण्याआधी समोरच्या यंत्राचं घड्याळ किती दाखवतंय, खरे किती वाजलेत, टाइम झोन कुठला आणि फरक किती, हे वहीत लिही. मोबाईल स्क्रीनशेजारी धर आणि दोन्ही वेळा एका फोटोत घे. आणि घड्याळ चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करू नकोस! आयटीवाला मदत म्हणून पटकन सिंक करून देतो आणि फरक किती होता ते कायमचं जातं. तू म्हणशील रॅम, म्हणजे चालू मशीनची तात्पुरती मेमरी, आधी घ्यायची असते, मशीन बंद झालं की ती जाते. बरोबर आहे, पण घड्याळ लिहायला दहा सेकंद लागतात गं.

मी हे एवढं का लावून धरतो ते सांगतो, फारसं कोणाला सांगितलेलं नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातून डिझाईनच्या फाईली बाहेर गेल्या. फायरवॉलचा (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याचा) लॉग म्हणाला 15:12. दुपारी सव्वातीनला त्या मशीनवर अकाउंट्सचा एक पोरगा बसायचा, मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवला. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी त्या फायरवॉलची सेटिंग उघडली तर ती यूटीसीवर. म्हणजे खरी वेळ रात्रीची 8:42, आणि तो पोरगा सहालाच घरी जायचा. मालकांना फोन केला, ते म्हणाले झालं ते झालं. मी लेखी दुरुस्ती पाठवायला हवी होती, नाही पाठवली. आता तीन रात्री झोप नव्हती, रिपोर्ट पाच वाजेपर्यंत हवा होता, आणि नाव मी लिहिलं नव्हतं, फक्त मशीन आणि वेळ लिहिली होती, हे सगळं खरंच आहे. पण ते वाचून नाव कोणाचं निघणार हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे.

तेव्हा सोमवारी नाव देऊ नकोस. वेळ दे, ती कुठल्या घड्याळातली ते दे.

आणि ही घड्याळं किती तऱ्हेची असतात बघ. विंडोजचा इव्हेंट लॉग आत यूटीसीत साठतो पण दाखवतो तू ज्या मशीनवर उघडशील तिच्या झोनमध्ये, म्हणजे तुझ्या लॅपटॉपचा झोन चुकीचा तर पुरावाही चुकीचा दिसणार. डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतींचंही तसंच, विंडोजची एनटीएफएस यूटीसी ठेवते, फॅट32 चा पेनड्राइव्ह स्थानिक वेळ. सर्व्हर आणि नेटवर्कची यंत्रं ज्यात नोंदी लिहितात त्या जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये तर वर्षसुद्धा नसतं. त्यात चोर फाईलच्या तारखा बदलून ठेवतो, म्हणून एमएफटीमधल्या, म्हणजे एनटीएफएसच्या फाईलींच्या यादीतल्या, दोन्ही ठिकाणच्या वेळा ताडून बघायच्या, एक नेहमी दिसणारी आणि दुसरी फाईलच्या नावासोबत आत ठेवलेली, तो बहुतेक वेळा पहिलीच बदलतो. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेशच काढला, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवा, लॉग 180 दिवस ठेवा, घटना 6 तासांत कळवा. ते 6 तास सगळ्यांना पाठ आहेत, घड्याळाचं कोणाला आठवत नाही.

आपल्या पुण्यातलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण घे. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. एटीएमच्या व्यवहाराला होकार देणारा खरा स्विच बाजूला पडला, त्याच्या जागी चोरांचा खोटा स्विच होकार देत बसला, क्लोन कार्डांनी 28 देशांत पैसे निघाले, कोल्हापुरातसुद्धा निघाले, आणि 13 तारखेला स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून) 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींच्या वर. आता त्या 28 देशांतल्या नोंदी एका रांगेत लावायच्या म्हटल्या तर प्रत्येक मशीनची वेळ आपापल्या गावची. बांगलादेश बँकेच्या चोरीचंही तसंच, 4 फेब्रुवारी 2016, गुरुवारची रात्र निवडली, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, जिथे बँकेचं खातं होतं त्या न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि जिथे पैसे गेले त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची. 8 कोटी 10 लाख डॉलर गेले. चोर घड्याळच काय कॅलेंडरही बघून येतो, आणि आपण लॉग उघडला की पहिला आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) शोधत सुटतो.

फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरातून निघणारा ठशासारखा आकडा, काढलास, ते छान केलंस, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो लिहावाच लागतो. पण हॅश एवढंच सांगतो की फाईल बदललेली नाही. तिच्यातली वेळ खरी आहे असं तो म्हणत नाही.

साहेब चिडतील, चिडू देत. मी तेव्हा घाबरलो होतो, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, आणि हे मी गोड बोलायचं म्हणून म्हणत नाहीये. सर्व्हर रूमच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागितलंयस म्हणालीस ना, मग ते फुटेज साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ पाहिलंस का? नसेलच पाहिलं. उद्या गेल्या गेल्या आधी ते, आणि फोटो मला पाठव.