एकाच उत्पादकाची रिस्लिंग 2018 ला गोड आणि 2021 ला आंबट कशी?

जर्मनीतल्या मोझेल भागातल्या काबिनेटच्या, म्हणजे रिस्लिंग द्राक्षाच्या हलक्या पांढऱ्या वाईनच्या, दोन बाटल्या उघडल्या, 2018 ची गोडमिट्ट लागली, 2021 ची तरतरीत, म्हणून 2018 मध्ये साखर घातली का, असं तुम्ही विचारलंय. नाही. काबिनेटमध्ये साखर घालायला जर्मनीत कायद्यानेच बंदी आहे. फरक मुख्यतः आंबटपणाचा आहे. सरबतात लिंबू कमी पिळलं की तेवढीच साखर जास्त वाटते, तसं.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. टार्टरिक उष्णतेत बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र पिकताना मणी स्वतःच जाळतो. दिवस तापले की वेगाने, आणि रात्रीही गार झाल्या नाहीत तर अखंड. तिकडे साखर चढतच असते. 2018 चा उन्हाळा जर्मनीत कडक आणि कोरडा होता. 2021 थंड, पावसाळी, म्हणून आम्ल शाबूत.

कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या, वाईनमध्ये हीच साखर अल्कोहोल होते, मग घशाला ऊब जाणवते. उत्पादकाची खरी कोंडी तोडणीच्या तारखेची असते. लवकर तोडलं तर आम्ल वाचतं पण चव कच्ची राहू शकते, थांबलं तर अल्कोहोल वाढतं. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समधल्या बर्गंडीत ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली, आणि एरवी जिथे वाईनमध्ये आम्ल घालायची मुभा नसते अशा भागांनाही युरोपीय महासंघाने त्या वर्षापुरती सूट दिली. (मी नाशिकला वायनरीत काम करतो. इथे टार्टरिकची गोणी नेहमीचीच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही.)

तरीही गरम साल म्हणजे सपक वाईन, असा हिशोब करू नका. 2020 बर्गंडीत उष्ण आणि कोरडं होतं, तोडणी पुन्हा ऑगस्टमध्ये, पण तिथली पांढरी वाईन शार्दोने चक्क ताठ, आंबटपणा टिकवून निघाली. शिवाय काही जण अशा वर्षी मॅलिकचं सौम्य लॅक्टिकमध्ये होणारं रूपांतर मुद्दाम थोपवतात, म्हणजे उरलंसुरलं आम्ल राहतं. म्हणून फक्त साल बघून बाटली घेऊ नका, उत्पादक कोण हेही बघा.

2018 ची शिल्लक असेल तर 8 अंशांपर्यंत गार करा, गोडी दबते. तिखट कोळंबीसोबत तर मी तीच उघडेन. 2021 ची खुशाल ठेवून द्या, तिला घाई नाही.