मुलाला शिकताना जास्त आधार लागतो आणि इंग्लंडला जायचंय, तर सांगलीतूनच काय करून निघावं

ताई, तुमचा मुलगा सांगलीत मराठी शाळेत दुसरीत आहे, उशिरा बोलायला लागला, वाचन मागे आहे, गोंगाटाला घाबरतो. इंग्लंडमध्ये त्याला मदत मिळेल का आणि आतापासून घरात मराठी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. मदत मिळते. मराठी मात्र अजिबात बंद करू नका.

तिथे नियमच असा आहे की निव्वळ इंग्रजी येत नाही म्हणून येणारी अडचण विशेष गरज धरत नाहीत. मग नव्या मुलाबद्दल 'आधी भाषा येऊ दे' असं म्हणत अख्खं वर्ष निघून जातं. म्हणून अडचण मराठीतही होती हे दाखवणारा कागद फार मोलाचा. निघण्याआधी मराठी बोलणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्या, अहवाल इंग्रजीत मागा. नुसतं निदान पुरत नाही. किती शब्दांची वाक्यं बोलतो, एका दमात किती सूचना पाळतो, कशाने बिथरतो, किती वेळात आणि कशाने शांत होतो, हे लिहून हवं. वर्गशिक्षिकेचं एक पान आणि वहीची चार पानं जोडा. यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं अपंगत्वाचं ओळखपत्र) असेल तर सोबत ठेवा, पण तिथे त्यावर काही मिळत नाही.

तिथे वर्ग वयावरून ठरतो, त्यामुळे एक वर्ष मागे बसवायचा बेत सहसा चालत नाही. प्रत्येक सरकारी शाळेत सेन्को, म्हणजे विशेष गरज असलेल्या मुलांची मदत बघणारी शिक्षिका किंवा शिक्षक असतो. पहिल्याच आठवड्यात वेळ घेऊन भेटा आणि काहीही लपवू नका. अडचण सांगितली म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. फायर ड्रिलची (आगीच्या सरावाची) घंटा वाजणार असेल तर आधी सांगा, जेवणाच्या हॉलमध्ये कडेला बसवा, असं नेमकं मागा. सुरुवातीला मूल शाळेत गप्पच राहिलं तर बोलायची बळजबरी नको.

शाळेच्या नेहमीच्या मदतीने भागत नसेल तर ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाच्या गरजा आणि त्याला द्यायची मदत लिहिलेला कायदेशीर कागद. तो पालकही थेट कौन्सिलकडे (तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे) मागू शकतात. तपासणी करायची की नाही हे 6 आठवड्यांत कळवायचं आणि सगळं 20 आठवड्यांत संपवायचं, असा कायदा आहे. प्रत्यक्षात 2024 मध्ये निम्म्याहून कमी प्लॅन वेळेत निघाले. मसुदा आला की उत्तराला किमान 15 दिवस मिळतात. त्यातला एफ भाग, म्हणजे शिक्षणात कोणती मदत द्यायची तो भाग, शब्दन् शब्द वाचा. 'गरजेनुसार थेरपी' असं मोघम लिहिलं असेल तर बदलायला लावा: कोण देणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं. एफमध्ये लिहिलेलं देणं कौन्सिलवर बंधनकारक असतं, आणि मोघम लिहिलेलं मागताच येत नाही. नकार आला तर ट्रिब्युनलकडे (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जाता येतं. सेंडियास ही अशा मुलांच्या पालकांसाठीची सल्लासेवा मोफत आहे, तिथे आधी फोन करा. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' असं असतं, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घेता येत नाहीत. त्यामुळे अपंग मुलांसाठीचा डीएलए भत्ता मागू नका, व्हिसा अडचणीत येईल. शाळेतली मदत आणि ईएचसी प्लॅन मात्र पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत, ते निर्धास्त मागा.

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर ते तिथे नियंत्रित औषध आहे. 3 महिन्यांपेक्षा कमी साठा न्या, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवा: मुलाचं नाव, औषध, मात्रा, एकूण गोळ्या, प्रवासाच्या तारखा.